एल आकाराच्या हॉलमध्ये स्टिरिओ कुठे मांडावा?

प्रश्न : ताई, नमस्कार. प्रतापनगरात आमचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. हॉल एल आकाराचा. मुख्य भाग १६ बाय ११ फूट, उंची १० फूट. पूर्वेच्या आखूड भिंतीवर टीव्ही आणि त्याच्या दोन बाजूंना स्पीकर. डावा स्पीकर कोपऱ्यात, शोकेसला चिकटून आहे. उजव्याच्या बाजूला भिंतच नाही, तिथे ५ फूट मोकळं आणि पलीकडे डायनिंग. उरलेल्या ११ फूट दक्षिण भिंतीला सोफा, समोर उत्तरेच्या भिंतीला दिवाण. पश्चिमेला दिवाणाच्या बाजूने मुख्य दार, सोफ्याच्या बाजूने खिडकी, मधे अडीच फूट भिंत. खिडकीत कूलर. मी खुर्ची मधोमध ओढून ख्याल-ठुमरी ऐकतो, पण गवई डावीकडेच ओढला जाऊन राहिला आहे. डग्गा नुसता घुमतो आणि तानपुरा कुठे आहे तेच कळत नाही. दुकानदार म्हणतो, खालच्या स्वरांसाठी वेगळा सबवूफर घ्या. सौ. म्हणते, सोफा हलवायचा नाही. काय करू? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : भाऊ, सबवूफर घेऊ नका. मापं आणि दिशा तुम्ही नीट लिहिल्यात, म्हणून तुमचा हॉल मला कागदावर काढता आला. दोष ना स्पीकरचा आहे, ना अॅम्प्लिफायरचा. डाव्या स्पीकरला पाठीशी भिंत, बाजूला भिंत आणि खाली फरशी आहे. खालचे स्वर स्पीकरमधून चहूबाजूंना पसरतात आणि जवळची प्रत्येक भिंत ते परत खोलीत ढकलते. एका भिंतीने ही भर ६ डेसिबलपर्यंत जाऊ शकते, कोपऱ्यात तर दोन भिंतींची भर पडते. उजव्याची एक बाजू उघडी, त्याचे खालचे स्वर डायनिंगकडे निघून जातात. बॅलन्सचं बटण उजवीकडे फिरवलंत तर गवई मधे येईलही, पण डग्गा डावीकडेच घुमत राहील. बटण सगळे स्वर सारखेच कमी-जास्त करतं, भिंत फक्त खालचे वाढवते.

आकाशवाणीच्या नागपूर केंद्रात तांत्रिक विभागात मी नोकरी केली आणि पुढे अनेकांच्या घरी स्पीकर मांडून दिले. त्यावरून माझं ठाम मत झालं आहे, की खोली दोन्ही बाजूंनी सारखी नसली तरी अडत नाही. स्पीकरच्या आजूबाजूचे तीन-चार फूट दोन्हीकडे सारखे हवेत आणि दोन्ही स्पीकर तुमच्या कानापासून एकाच अंतरावर हवेत. एलचा आडवा पाय, म्हणजे तुमचा डायनिंगचा भाग, ऐकणाऱ्याच्या पाठीमागे गेला की त्याचा त्रास जवळजवळ संपतो.

तुमच्याकडे हे सोफा न हलवता जमतं. दिवाण उत्तरेच्या भिंतीलगतच पूर्वेकडे, टीव्हीच्या कोपऱ्यापर्यंत सरकवा. त्याच भिंतीपुढे स्पीकर सोफ्याकडे तोंड करून ठेवा. एकाचा मध्य पश्चिम भिंतीपासून साडेतीन फुटांवर, दुसऱ्याचा साडेनऊ फुटांवर. दोघांत ६ फूट. सोफ्यावर पश्चिम भिंतीपासून साडेसहा फुटांवर बसलात की तुम्ही बरोबर मधोमध. दाराचं पान साधारण ३ फुटांचं असतं; तुमचं आत उघडून उत्तरेच्या भिंतीला टेकत असेल, तरी ८ इंच रुंदीच्या स्पीकरला ते लागणार नाही. तुमचे स्पीकर जास्त रुंद असतील तर आधी दार पूर्ण उघडून बघा. टीव्ही आहे तिथेच राहू द्या, बातम्यांना त्याचा स्वतःचा आवाज पुरतो.

आता मागच्या भिंतीपासूनचं अंतर. इथे घाई करू नका, आणि अंतर मोजताना स्पीकरच्या पेटीपासून नाही, वूफरच्या, म्हणजे खालचे स्वर काढणाऱ्या मोठ्या भागाच्या, कागदी शंकूपासून मोजा. वूफरमागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो. एका ठरावीक स्वराला तो बरोबर उलटा पडतो आणि समोरून निघालेल्या आवाजाला खोडतो. हे अंतर २ फूट असेल तर हा खोडला जाणारा स्वर, म्हणजे आवाजातला खड्डा, १४० हर्ट्झच्या (सेकंदाला १४० कंपनांच्या) आसपास येतो. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज १३८ हर्ट्झचा, म्हणजे नेमका सा पडेल! दीड फुटावर आणलं तर हा खड्डा १८५ च्या पुढेमागे, मध्यमाच्या जागी जातो. कुठेतरी तो राहणारच, पण सा वर नको. म्हणून दीड फुटापासून सुरुवात करा आणि दोन-दोन इंच मागेपुढे करत ओळखीचा एखादा विलंबित ख्याल ऐका. आणखी एक गोष्ट सांभाळा. वूफरपासून मागची भिंत, बाजूची भिंत आणि फरशी ही तिन्ही अंतरं वेगवेगळी ठेवा. सारखी झाली तर तिन्ही खड्डे एकाच स्वरावर पडतात. तुमच्याकडे मागे दीड फूट, बाजूला साडेतीन, आणि स्टँडवर वूफर सव्वादोन-अडीच फूट उंच, म्हणजे छान जमतं. ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर काढणारा छोटा भाग, मात्र बसल्यावर कानाच्या उंचीला हवा, सोफ्यावर ती साधारण ३ फूट भरते.

डग्ग्याच्या घुमण्याबद्दल. तुमच्या ११ फूट रुंदीत ५१ हर्ट्झचा आणि १० फूट उंचीत ५६ हर्ट्झचा स्वर अडकून गुंजतो. दोन्ही शेजारी-शेजारी, म्हणून तो भाग फुगतो, आणि भिंतीजवळ सर्वात जास्त फुगतो. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर डोकं नेमकं तिथेच येतं. सौ.ना एवढंच विचारा की सोफा फक्त एक फूट पुढे घेतला तर चालेल का. मागच्या फटीत झाडू जातो, हेही सांगा.

व्हिट्रिफाइड टाइल, प्लास्टर आणि स्लॅब यांच्यामुळे आपल्याकडचे हॉल टाळी वाजवली तरी झणझणतात. त्यावर फोमच्या पातळ शीट विकत घेऊ नका. आपण कापसाच्या मुलखात राहतो. गादीवाल्याकडून ४ इंच जाडीची, २ बाय ४ फुटांची एक गादी भरून घ्या. फार ठासून नको आणि ढिलीही नको, मधे मधे टाके मारलेले असावेत म्हणजे कापूस खाली बसत नाही. तिच्यावर खादीचं कापड घालून लाकडी चौकटीत बसवा. जागा अशी शोधा : तुम्ही सोफ्यावर बसा, घरातल्या कुणाला तरी पश्चिमेच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. आरशात डावा स्पीकर दिसला की ती जागा. माझ्या हिशोबाने ती उत्तरेच्या भिंतीपासून साडेचार फुटांच्या आसपास, म्हणजे दार आणि खिडकी यांच्या मधल्या त्या अडीच फुटांतच येते. उजवीकडे दिवाणाची गादी बरंच काम करेल. स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये जाड सतरंजी अंथरा. मात्र ४ इंच कापूस ५० हर्ट्झला रोखत नाही. त्याने टाळ्यांची झणझण जाईल आणि तानपुऱ्याच्या तारा मोकळ्या होतील.

कूलर. एप्रिलपासून पावसाळ्यापर्यंत तो चालणारच, नागपूरच्या उन्हाळ्यात दुसरा इलाज नाही. तुमच्या खिडकीतून त्याचा झोत सोफ्यावर येतो, स्पीकरवर नाही, हे चांगलं आहे. ओली हवा कागदी शंकूवर रोज थेट मारू नये. पंख्याची घरघर तानपुऱ्याचे बारीक स्वर गिळते. त्यावर मात करायला आवाज वाढवू नका. ख्याल सकाळी, कूलर सुरू होण्याआधी ऐका. दुपारी लावणी किंवा सिनेमाची गाणी ठेवा, ती कूलरलाही पुरून उरतात.

सगळं मांडून झालं की बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून घेतलेलं एखादं पद लावा. स्टिरिओचं पेटंट अॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ मध्येच मागितलं होतं, पण स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८ मध्ये. त्याआधीचं ते पद मोनो आहे, दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येतो, म्हणून आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधल्या रिकाम्या जागेतून आला पाहिजे. एका बाजूला सरकत असेल तर त्या बाजूचा स्पीकर इंचभर मागे घ्या. मधे न येता सगळीकडे विखुरला आणि डग्गाही बारीक झाला, तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट लागल्या आहेत. त्या बदला, बाकी काही करू नका.

प्रश्न : महालमध्ये आमचा जुना वाडा आहे. माडीवर स्पीकर लावला की लाकडी जमीन थरथरते आणि खालच्या खोलीत आईला झोप लागत नाही. (एक वाचक)

उत्तर : स्टँडखाली कडप्प्याची लादी ठेवा आणि लादीखाली चारही कोपऱ्यांना जाड रबराचे तुकडे. लादी जितकी जड तितकी थरथर कमी. स्टँडची जागा तुळईच्या वर घ्या, दोन तुळयांच्या मधे नको. खिळ्यांच्या रांगा दिसतात, त्यावरून तुळई ओळखता येते. तुमच्या वाड्याच्या लाकडी तक्तपोशीमुळे आवाज फ्लॅटपेक्षा मऊ येत असेल, तेव्हा भिंतींवर काहीही लावू नका. खालच्या खोलीत बोल ऐकू जायचे ते थोडे जातीलच, म्हणून रात्री दहानंतर हेडफोन वापरा.