वाचकांचे प्रश्न: एक्सेलमधल्या रॉकेटला हवा लागते तेव्हा

प्रश्न : मुलीच्या शाळेतल्या रॉकेट क्लबसाठी एक्सेलमध्ये उड्डाणाचं गणित मांडलं. मोटर सी६-५ (मॉडेल रॉकेटची छोटी, एकदाच वापरायची मोटर), उडताना वजन ८० ग्रॅम, नळीचा व्यास २४.८ मिलिमीटर, सीडी (रॉकेटच्या आकारामुळे रोध किती, ते सांगणारा गुणांक) ०.६, हवेची घनता १.२. हवेचा रोध धरला नाही तर उंची ६०० मीटर येते, धरला तर १६०. रॉकेटमधला अल्टिमीटर (उंचीमापक) मात्र ३०० च्या आसपास दाखवतो. शिवाय शीटमध्ये खाली येताना वेग वाढतच जातो, थांबत नाही. (एक पालक, न्यू जर्सी)

उत्तर : चुका दोन आहेत आणि दोन्ही आकड्यांतच दिसतात. रोध = ½ × घनता × सीडी × क्षेत्रफळ × वेगाचा वर्ग. क्षेत्रफळ काढताना तुम्ही त्रिज्येच्या जागी व्यास घातलाय, म्हणून रोध चौपट झाला. बरोबर क्षेत्रफळ ०.०००४८३ चौरस मीटर. ते घातलं की उंची ३०० च्या जवळ येईल.

दुसरी चूक चिन्हाची. वेगाचा वर्ग कायम धनच, त्यामुळे रॉकेट खाली येऊ लागलं तरी तुमचा रोध खालीच ओढत राहतो. वर्गाऐवजी वेग × वेगाचं निरपेक्ष मूल्य लिहा आणि पुढे उणे चिन्ह द्या. रोध काढताना आधीच्या ओळीतला वेग घ्या. त्याच ओळीतला घेतलात तर एक्सेल सर्क्युलर रेफरन्सची (सूत्र स्वतःवरच अवलंबून असल्याची) तक्रार करेल.

शीट नीट झाली का, हे उड्डाणाआधीच तपासता येतं. थ्रस्ट (मोटरचा जोर) शून्य करा, वजन ६९ ग्रॅम ठेवा (इंधन जळाल्यावर उरतं तेवढं) आणि रॉकेट भरपूर उंचीवरून नुसतं सोडून द्या. वेग सेकंदाला ६२ मीटरवर स्थिरावला पाहिजे, कारण तिथे रोध आणि वजन सारखे होतात. नाही स्थिरावला तर क्षेत्रफळ, एकक किंवा चिन्ह यांपैकी काहीतरी अजून चुकतंय. मग टाइम स्टेप (शीटच्या दोन ओळींमधलं वेळेचं अंतर) ०.०१ सेकंदावरून निम्मी करा. शिखराची उंची मीटरभरही हलली नाही म्हणजे पुरे.

थ्रस्ट सरासरी धरू नका, मोटरचा थ्रस्ट कर्व्ह (क्षणाक्षणाला जोर किती, ते आकडे) भरा. सी६ सुरुवातीला क्षणभर १४ न्यूटनपर्यंत जाते आणि मग बरीच खाली येते. एकूण उंचीत याने फार फरक पडत नाही, पण रॉड (सुरुवातीला रॉकेटला दिशा देणारी दांडी) सोडतानाचा वेग सरासरीवरून काढलात तर तो साफ चुकतो.

रोधाचा खरा उपयोग डिले (मोटर विझल्यापासून पॅराशूट बाहेर पडेपर्यंतचा वेळ) निवडताना कळतो. मोटर विझल्यावर शिखर गाठायला रोध न धरता दहा सेकंद लागतात, धरला की सुमारे सहा. तुमच्या मोटरचा डिले पाच सेकंदांचा, म्हणजे पॅराशूट शिखराआधी सेकंदभर, सेकंदाला १० मीटरच्या आसपास वेग असताना उघडेल. चालण्यासारखं आहे. दहाचा आकडा खरा मानून लांब डिले घेतला असता, तर रॉकेट नाक खाली करून वेग घेत असताना पॅराशूट बाहेर पडलं असतं. दोऱ्या तुटतात त्या अशाच.

सीडी ०.६ हा अंदाज आहे. शांत हवेतल्या दोन-तीन उड्डाणांची उंची जुळेपर्यंत तो बदला. ०.४ च्या खाली किंवा ०.८ च्या वर गेला तर आधी वजन पुन्हा करा, रॉड तिरका होता का बघा. सगळा दोष सीडीवर ढकलणं सोपं असतं.

प्रश्न : पाण्याच्या रॉकेटसाठी पुण्यात घनता १.२२५ च धरायची का? (विद्यार्थी, पुणे)

उत्तर : नाही. तो आकडा समुद्रसपाटीचा, १५ अंश सेल्सिअसचा. घनता = दाब ÷ (२८७ × केल्विनमधलं तापमान). पुण्याच्या ५६० मीटर उंचीवर दाब साधारण ९४,८०० पास्कल. ३० अंशांना घनता १.०९ येते. हवामान ॲपमधला दाब जसाच्या तसा उचलू नका, तो बहुधा समुद्रसपाटीला उतरवून दाखवलेला असतो. फोनमध्ये बॅरोमीटर असेल तर त्याचं न बदललेलं वाचन घ्या.

प्रश्न : वेगानुसार सीडी बदलायला हवा का? (तोच विद्यार्थी)

उत्तर : तुमच्या वेगांना नको. ध्वनीच्या वेगाच्या आठ दशांशापुढे तो झपाट्याने चढतो. पाण्याचं रॉकेट तिथवर पोचत नाही.