शेवटच्या नळावर जा

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी पाणी, मग कुटुंब नियोजन, मग पोलिओ, आता बीपी आणि शुगर; दर काही वर्षांनी महत्त्वाचं काय ते बदलतं, मग माझं नेमकं काम कोणतं, असं विचारतेस. आरोग्य उपकेंद्रावर रुजू होऊन सहा महिन्यांत हा प्रश्न पडला, बरं वाटलं. पण पुढे ‘टीसीएल आणि ओटी टेस्ट ही जुन्या काळातली कामं’ असं लिहिलंस, म्हणजे पाण्यात क्लोरीनची पावडर टाकणं आणि नळाला तो क्लोरीन पोचला का ते थेंब टाकून रंगावरून बघणं, तिथं मात्र राग आला.

बदल खराच आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा सार्वजनिक आरोग्य म्हणजे रोगी वेगळा काढणं आणि घरं रिकामी करणं. त्यासाठी १८९७ चा साथरोग कायदा झाला, आणि २०२० मध्ये कोरोनात तोच परत काढावा लागला. मधल्या काळात देवी आणि पोलिओच्या मोहिमा झाल्या. १९९० मध्ये देशातल्या मृत्यूंत असंसर्गजन्य आजारांचा वाटा सुमारे ३८ टक्के होता, २०१६ मध्ये सुमारे ६२. म्हणून तुझ्या टेबलावर बीपीचं मशीन आलं. पण नवं आलं म्हणून जुनं गेलं असं होत नाही.

काम कुठलंही असो, ते शेवटच्या नळावर मोज. टाकीवर मोजू नकोस.

आधी खरा नळच घे. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे ५०,००० लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम, हे जलसुरक्षकाला पाठ असतं. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. पोतं उघडं आणि खोली दमट असली की तो उडून जातो. निम्मा उरला तर २५० ग्रॅम टाकूनही काम १२५ चंच होतं, वहीत मात्र २५०. पावडर कोरडी ओतू देऊ नकोस. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ टाकीत घालायचं आणि अर्ध्या तासानं पाणी सोडायचं. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी गढूळ होतं, त्यातला गाळच क्लोरीन खातो. उन्हाळ्याचा डोस तेव्हा पुरत नाही.

हे सगळं नीट केलं तरी टाकीवरची ओटी काहीच सांगत नाही. एक दिवस आड पाणी येतं ना? पाइप रिकामा होताना आत पोकळी तयार होते आणि गळक्या जोडातून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून पाणी सुटल्या सुटल्या टोकाच्या घरी नमुना घे. ओटीचे थेंब टाकलेस की दहा सेकंदांत रंग वाच. पंधरा मिनिटांनी गडद झालेला पिवळा धरू नकोस, त्यात पाण्यातल्या घाणीशी आधीच बांधला गेलेला क्लोरीनही येतो. लिटरला ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन तिथं मिळायलाच हवा.

२०१२ ची इचलकरंजीची कावीळ विसरू नकोस. हिपॅटायटिस ई अंगात शिरल्यापासून दिसेपर्यंत दोन ते नऊ आठवडे जातात. पिवळे डोळे दिसतात तेव्हा ते पाणी कधीच वाहून गेलेलं असतं. गरोदर बाई त्यात दगावू शकते. त्या दिवशी नमुना घेऊन काय हाती लागणार? रोजची नोंदच कामाला येते.

आता तुझं बीपी. तिथंही हाच नियम. अहवालात किती जण तपासले ते लिहितेस. ती टाकी झाली. शेवटचा नळ म्हणजे वर्षाखाली औषध सुरू केलेल्यांपैकी आज १४०/९० च्या खाली किती आहेत. मापताना पाच मिनिटं टेकून बसव, दंड उघडा आणि हृदयाच्या उंचीवर ठेव. पट्टा लहान पडला तर आकडा खोटाच जास्त येतो. अर्ध्या तासात चहा किंवा मशेरी झाली असेल तर थांब. दोनदा माप. आणि महिन्याच्या गोळ्या न्यायला कोण आलं नाही, ती यादी दर सोमवारी काढ. ऊसतोडीला गेलेली, लेकीकडे राहायला गेलेली माणसं त्यातच सापडतात.

मला हट्टी म्हणतात, म्हणोत. टाकीवरच्या चांगल्या आकड्यावर समाधान मानलेली वर्षं मला परत मिळणार नाहीत, आणि तुझी तशी जावीत हे मला सोसणार नाही.

पुराचं तेवढं आत्ताच कर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. ३९ व्हायच्या आधी नदीकाठच्या घरांतल्या बीपी-शुगरवाल्यांच्या हातात महिन्याच्या गोळ्या, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. इन्सुलिन कोणाकडे आहे आणि स्थलांतर झालं तर ते गार कुठे ठेवायचं, हे आधी ठरव. पाणी ओसरल्यावर ओटी पुन्हा पहिल्यापासून, चिखलात काम करणाऱ्याचा ताप लेप्टो, म्हणजे उंदराच्या लघवीतून पाण्यात येणारा आजार, समजून तपास. २०१९ आणि २०२१ च्या पुरात जुनं आणि नवं एकाच छावणीत शेजारी शेजारी बसलं होतं.

उद्या पाणी सुटायच्या वेळी टोकाच्या घरी जा. आकडा काय आला तेवढं कळव. शून्य आला तरी शून्यच लिही.

तुझा,
काका