चौघांच्या घराला गॅस परवडतो की इंडक्शन?

तुमचा प्रश्न असा: इंडक्शन ८५-९० टक्के कार्यक्षम, गॅस जेमतेम ६५, मग सिलिंडर परत करून सगळा स्वयंपाक विजेवर केला तर पैसे वाचतील का? आकडे बरोबर आहेत. पण त्यावरून खर्चाचा अंदाज बांधू नका. खर्च ठरतो तो तुमच्या वीजबिलातल्या स्लॅबवर, म्हणजे दराच्या टप्प्यावर.

१४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. त्यातली तिसरा हिस्सा तरी पातेल्याच्या कडेने वर निघून जाते, भांड्यात पोचते ती ११५-१२० युनिट. तेवढीच उष्णता इंडक्शनने द्यायची तर मीटरवर १४० च्या आसपास युनिट पडतील. म्हणून सिलिंडरच्या किमतीला सरळ १४० ने भागा. साडेआठशेला मिळत असेल तर उत्तर येतं सहा रुपये. तुमचं युनिट सहाच्या आत पडत असेल तर इंडक्शन स्वस्त, नाहीतर गॅस.

आता महावितरणचं बिल काढून बघा. शंभर युनिटपर्यंत दर कमी, १०१ ते ३०० ला एकदम मोठी उडी. वहन आकार (वीज तारांतून घरापर्यंत आणण्याचे पैसे) आणि वीज शुल्क (सरकारी कर) धरलं की त्या टप्प्यातलं युनिट दहा रुपयांच्या पुढेच जातं. चौघांच्या घरात पहिले शंभर फ्रीज, पंखे, वॉशिंग मशीन यांतच संपतात. इंडक्शनची युनिटं त्याच्यावर चढतात, त्यामुळे त्यांना बिलाचा सरासरी दर लावून चालत नाही, वरचाच लावायला हवा. यूट्यूबवरचे बरेच हिशोब नेमके इथेच गंडतात.

चहाचंच घ्या. एक लिटर पाणी उकळायला इंडक्शनला ०.१ युनिट लागतं, गॅस लागतो दहा-अकरा ग्रॅम. वरच्या दराने गॅसवर साठ-पासष्ट पैसे, इंडक्शनवर रुपयाच्या पुढे. वेळ मात्र इंडक्शनवर वाचतो, १८०० वॅटवर साडेतीन-चार मिनिटांत उकळी फुटते.

घरावर सोलर असेल तर वरचं सगळं उलटं होतं. नेट मीटरवर (सोलरची किती वीज बाहेर दिली आणि बाहेरून किती घेतली याचा हिशोब ठेवणारं मीटर) जास्तीची युनिटं पडून राहत असतील तर ती स्वयंपाकात जिरवणं केव्हाही फायद्याचं. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण भाड्याच्या फ्लॅटमध्ये त्याचा उपयोग शून्य. आणि पर्यावरणासाठी म्हणून इंडक्शन घेणार असाल तर एवढं धरा, की आपली बहुतेक वीज कोळशावर तयार होते आणि कोळशातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच वीज होऊन बाहेर पडतो. बंद स्वयंपाकघरात धूर-वास नको, उकाडा नको, हे कारण मला जास्त पटतं.

स्वयंपाकाचं म्हणाल तर भाजणं आणि शेकणं गॅसचंच. भरताचं वांगं, पापड, तव्यावरून काढून जाळावर फुगवलेली भाकरी, यांना ज्योत लागते. मोठ्या तव्याचा मधला भाग इंडक्शनवर रापतो आणि कडा गार राहतात, डोसा घालून बघा म्हणजे कळेल. स्वस्तातल्या इंडक्शनची मंद आच म्हणजे खरं तर चालू-बंद, चालू-बंद. खीर आटवताना उकळी येते, थांबते, परत येते, वैताग नुसता. दूध तापवणं, डाळ-भात, अंडी, बटाटे उकडणं यांना मात्र तोड नाही. कॉइलवाली हॉटप्लेट घेऊ नका. कुठलंही भांडं चालतं हे खरं, पण तापायला वेळ आणि बंद केल्यावर गार व्हायलाही वेळ.

मी तुमच्या जागी असतो तर सिलिंडर ठेवला असता आणि जोडीला एक साधं इंडक्शन घेतलं असतं. सिलिंडर संपला की नंबर लागेपर्यंत ते सांभाळून घेतं, वीज गेली की गॅस आहेच. (घरच्या साध्या इन्व्हर्टरवर इंडक्शन चालवायचा प्रयत्न करू नका.) डाळ भिजवून कुकरला लावली, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि ज्योत बुडाच्या बाहेर जाऊ दिली नाही, तर सिलिंडर आपोआप जास्त पुरतो.

घेण्याआधी फ्रीजवरचं लोहचुंबक घरातल्या भांड्यांच्या बुडाला लावून बघा. चिकटलं नाही तर ते भांडं इंडक्शनवर चालणार नाही, ॲल्युमिनियमचा जुना कुकर तर नाहीच. आणि ओट्याजवळ १६ अँपिअरचा पॉइंट आहे का ते पाहा. मिक्सरच्या छोट्या सॉकेटमध्ये २००० वॅट लावलात तर प्लग काळा पडतो, घर भाड्याचं असेल तर नवीन पॉइंटसाठी घरमालकाला आधी विचारून घ्या.