पंधरा वर्षांची मुलगी आणि गुहागरची एसटी

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला असतो. मुलगी पंधराची. जूनअखेर शाळा सुटली की महिनाभर चिपळूणला, सासरी. मागच्या खेपेला सारा वेळ फोनमध्ये डोकं आणि चेहरा पाडलेला. यंदा गाडी ठरवून महाबळेश्वर, पन्हाळा, कोल्हापूर दाखवायचा बेत आहे. तिला गोडी लागेल का?

उत्तर: ताई, गाडी रद्द करा. भर जुलैत महाबळेश्वरला धुक्यापलीकडे काही दिसत नाही, आणि मागच्या सीटवर बसून ती तिथेही फोनच बघेल.

आमचंही सासर तिकडचंच. 2023 च्या जुलैत माझी लेक तुमच्या मुलीएवढीच होती. सासूबाईंनी तिला फणसपोळ्यांचा डबा देऊन गुहागरला आत्याकडे धाडलं, एकटीला, एसटीने. मी नको-नको म्हणत होते. "कंडक्टर ओळखीचा आहे," असं सांगून त्यांनी मला गप्प केलं. (नव्हता. हे मला पुढे वर्षभराने कळलं.)

कंडक्टरने अर्धं तिकीट फाडलं. लेकीला वाटलं, आपल्याला लहान समजतोय. "मी बारा वर्षांची नाहीये, फुल तिकीट द्या," म्हणून अडून बसली. मागे गाड्यांची रांग, हा वाद चालूच. शेवटी शेजारच्या मावशींनी सांगितलं, "अगो, बायकांना अर्धंच असतं आता, मार्चपासून!" संध्याकाळी परत आली ती हे सांगतच. मराठी मोडकी, पण कंडक्टरची नक्कल झकास. रात्री सासूबाईंनी न विचारता तिच्यासमोर चहाचा कप ठेवला. तोवर त्या घरात तिला दूधच मिळायचं.

तेव्हा तुमच्या मुलीला असं एखादं काम द्या, जे खरंच कुणाचं तरी अडलेलं आहे. गाडी दिवसाची, जवळ सुट्टे पैसे, चालू सिम आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. जोराच्या पावसाचा इशारा असेल त्या दिवशी मात्र घरीच. 22 जुलै 2021 चा चिपळूणचा पूर तुमच्या घरचे विसरले नसतील. शेत असेल तर लावणीलाही उतरू द्या. तरव्याच्या, म्हणजे भातरोपांच्या, चार मुठी वाकड्या लागल्या तरी भात येतो. पायाला जखम असेल तर मात्र चिखलात नको, लेप्टोच्या तापाची भीती असते.

आणि एक, जे तुम्ही विचारलं नाहीत. तिची पाळी तिथे आली आणि "देवघरात जाऊ नको" असं कुणी म्हणालं, तर ती तुमच्याकडे बघेल. त्या क्षणी तुम्ही मान खाली घातलीत तर पुढच्या वर्षी ती येणारच नाही. माझं मत स्पष्ट आहे: तिला बाजूला बसवायचं नाही. पण सासूबाईंशी हे मुलीसमोर भांडून नको. आधी फोनवर, नवऱ्याला बोलू द्या, आई त्याची आहे. आणि हा फोन तिकिटं काढायच्या आधी; मुंबईहून घाट उतरताना गाडीत नव्हे.