मारुती एस्टीमच्या १३०० इंजिनचं हेड प्लेन करून (घासून कॉम्प्रेशन वाढवून) मोठा कॅम (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) टाकलाय, आयडलला टायमिंग किती डिग्री ठेवू?

टायमिंग म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती डिग्री आधी ठिणगी पडते ते; त्याचा आयडलचा आकडा विचारताय तिथंच गडबड आहे. मोठ्या कॅमने आयडलला इंजिन लडबडतं आणि थोडं ॲडव्हान्स दिलं, म्हणजे ठिणगी अजून आधी पाडली, की लगेच सुधारतं, म्हणून मेकॅनिक कानाने ऐकत डेल्को (डिस्ट्रिब्युटर) फिरवत जातो आणि म्हणतो आता बघा कशी पळते. माझ्या गाडीचं असंच केलेलं, खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरला टकटक सुरू झाली, मी म्हटलं टॅपेट असतील, टॅपेट कसले, जास्त ॲडव्हान्सची नॉकिंग होती, तीन नंबरच्या पिस्टनची दोन रिंगांमधली पट्टी तुटून हातात आली.

तुम्हाला बघायचंय ते वरच्या आरपीएमचं टोटल टायमिंग. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारी) घ्या, डेल्कोचा व्हॅक्यूमचा पाइप काढून तोंड बंद करा, आणि पुलीवर स्वतः मार्क करा. पुलीचा व्यास गुणिले ३.१४ भागिले ३६० हे एका डिग्रीचे मिमी, म्हणजे १४० मिमीची पुली असेल तर ३० डिग्री म्हणजे साडेछत्तीस मिमी, टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर असतानाच्या) खाचेपासून पुली ज्या दिशेनं फिरते त्या दिशेला मोजायचं, व्हाइटनरचा ठिपका चालतो. मग रेस वाढवत जा, मार्क सरकायचा थांबला की तेच टोटल. डेल्को क्रँकच्या निम्म्या स्पीडने फिरतो, बॉडी ५ डिग्री हलवली की टायमिंग १० डिग्री हलतं, त्यामुळं अगदी केसभरच फिरवायचा.

मी टोटल २८ डिग्रीपासून सुरू करतो. एकच रिकामा रस्ता, एकच दिशा, तिसरा गिअर, २५०० पासून ५५०० पर्यंत, शेजारच्याच्या हातात स्टॉपवॉच. दोन डिग्री वाढवा, परत पळवा. वेळ कमी व्हायची थांबली की मागचा आकडा ठेवा, टकटक यायची वाट बघू नका. हेड प्लेन केलेल्या इंजिनात मिक्श्चर दाबून भरलेलं असतं, लवकर जळतं, त्याला स्टॉकपेक्षा टोटल कमीच लागतं, जास्त नाही. आयडल लडबडतंय म्हणून तिथं ॲडव्हान्स हवंच असेल तर डेल्कोच्या आतल्या वजनांचा प्रवास कमी करून घ्या, नाहीतर आयडलला दिलेलं ॲडव्हान्स वरच्या आरपीएमलाही चढतं.

शेवटी प्लग काढून भिंगाने बघा, पांढऱ्या पोर्सलेनवर मिरीसारखे काळे किंवा चकचकीत ठिपके दिसले तर तो पिस्टनचा माल उडतोय, लगेच मागे घ्या. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल टाकून पॉवर आपोआप वाढत नाही, टकटक लांबते एवढंच, रोज जे पेट्रोल भरणार त्यावरच सेट करा.

आणि लाइटमध्ये मार्क थरथरत दिसला तर पुढचं काही करूच नका, आधी डेल्कोचा शाफ्ट बोटाने हलवून बघा, बुश गेला असणार.