कुलगुरू कोण आहे याने तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलांना काही फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की तुमची मुलगी तालुक्याच्या ठिकाणी बी.एस्सी.ला आहे, विद्यापीठ तिथून बरंच लांब आहे, आणि नव्या कुलगुरूंच्या नेमणुकीच्या बातम्या वाचून तुम्हाला प्रश्न पडलाय की त्या खुर्चीत कोण बसतं याच्याशी तिचा काय संबंध. शिवाय खासगी विद्यापीठं इतकी निघत असताना सार्वजनिक विद्यापीठाचं काम तरी काय उरलं, असंही विचारलंय.

संबंध आहे, आणि चांगलाच जवळचा आहे. मी अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत निवृत्त झालो. विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळावर होतो, एक मुदत विद्यापीठाचे शैक्षणिक निर्णय घेणाऱ्या विद्या परिषदेवरही होतो. तिथे बसून जे दिसलं त्यावरून सांगतो.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 प्रमाणे कुलगुरू हे विद्यापीठाचे प्रमुख शैक्षणिक आणि कार्यकारी अधिकारी. कुलपती म्हणजे राज्यपाल. शोध समितीने सुचवलेल्या किमान पाच नावांतून ते एकाची नेमणूक करतात. मुदत पाच वर्षं किंवा वयाची 65 वर्षं, जे आधी येईल ते. त्याच विद्यापीठात पुन्हा नेमणूक नाही. इथवर वर्तमानपत्रात येतं. कुलगुरूंच्या सहीने कोणती माणसं कुठे पाठवली जातात, हे मात्र कुठेच छापून येत नाही, आणि तुमच्या मुलीला फरक पडतो तो तिथे.

तिच्या कॉलेजात प्राध्यापकाची जागा भरायची असते तेव्हा निवड समितीत संस्थेचे लोक आणि प्राचार्य असतात, तसेच विद्यापीठाकडून आलेले कुलगुरूंचे प्रतिनिधी आणि विषयतज्ज्ञही असतात. उमेदवार कोण घ्यायचा हे संस्थेने आधीच ठरवलेलं असेल तर त्या खोलीत ते थांबवू शकणारी माणसं हीच. मी दोन्ही प्रकारचे तज्ज्ञ पाहिलेत. एक येतो, चहा घेतो, पुढे आलेल्या कागदावर गुण भरतो आणि भत्त्याचा फॉर्म मागतो. दुसरा उमेदवाराच्या हातात खडू देतो आणि म्हणतो, ‘पहिल्या वर्षाच्या मुलांना मोल ही संकल्पना समजावून सांगा, आम्हीच मुलं आहोत असं धरा.’ दहा मिनिटांत सगळ्यांना कळतं कोणाला शिकवता येतं. त्या दिवशी जो निवडला जातो तो पुढची तीस वर्षं शिकवतो. तिथे पहिल्या प्रकारचा माणूस पाठवायचा की दुसऱ्या, हे कुलगुरूंच्या टेबलावर ठरतं. अभ्यास मंडळांवरची नामनिर्देशनं, संलग्नतेसाठी, म्हणजे कॉलेज विद्यापीठाशी जोडलेलं राहावं की नाही हे ठरवण्यासाठी, तपासायला येणाऱ्या समित्या, सगळीकडे हेच. पाच वर्षांत अशा शेकडो सह्या होतात. माझ्या मते कुलगुरूंचं शैक्षणिक नेतृत्व त्यांच्या भाषणांपेक्षा या सह्यांमध्ये जास्त असतं.

एक प्रसंग सांगतो. आमच्या कॉलेजात एकदा कुलगुरू पारितोषिक वितरणाला आले. मंडप सजला होता, शाल-श्रीफळ तयार होतं. गाडीतून उतरल्यावर ते प्राचार्यांना म्हणाले, ‘आधी प्रयोगशाळा दाखवा.’ आत येऊन त्यांनी सिंकचा नळ सोडून पाहिला. मग स्टँडवरची एक ब्यूरेट, म्हणजे टायट्रेशनच्या प्रयोगात द्रावण थेंबथेंब मोजून सोडायची काचेची नळी, घेऊन तिची तोटी फिरवायला गेले, ती गच्च बसलेली. शेल्फावरच्या गठ्ठ्यातून मधलीच एक जर्नल काढली, नाव वाचलं आणि त्या मुलीला बोलावून घेतलं. ‘हे टायट्रेशन तू स्वतः केलंस, की रीडिंग उतरवून घेतलंस?’ मुलगी प्राचार्यांच्या तोंडाकडे बघायला लागली. ते म्हणाले, ‘माझ्याकडे बघून सांग. तुला कोणी काही म्हणणार नाही.’ ती हळूच म्हणाली, ‘सर, पाच जणांत एक ब्यूरेट असते. मी लिहून घेते.’

भाषणात त्यांनी याचा चकार शब्द काढला नाही, संस्थेचा अपमान केला नाही. पुढच्या संलग्नतेच्या पत्रात मात्र अट आली: प्रात्यक्षिकाला प्रत्येक विद्यार्थ्यामागे काचेच्या उपकरणांचा स्वतंत्र संच हवा, आणि तपासणी समितीने तो प्रात्यक्षिक चालू असताना पाहावा. आमच्या विभागाने कित्येक वर्षं मागूनही न मिळालेली खरेदी त्या वर्षी झाली. अट एकट्या आमच्यासाठी नव्हती, विद्यापीठातल्या सगळ्या विज्ञान महाविद्यालयांना होती. दूरवरच्या कितीतरी मुलींच्या हातात पहिल्यांदा ब्यूरेट आली ती अशी. कुलगुरूंचं नाव त्यांच्यातल्या बहुतेकींना माहीतही नसेल.

याच कुलगुरूंनी विद्या परिषदेच्या विषयपत्रिकेचा क्रमही बदलला. आधी सकाळ संलग्नता, तक्रारी, परीक्षांचे वाद यात जायची आणि अभ्यासक्रम जेवणानंतर यायचे. तोवर निम्म्या सदस्यांचं लक्ष परतीच्या गाडीकडे असायचं, आणि गठ्ठेच्या गठ्ठे ‘मंजूर’ म्हणत पुढे सरकायचे. त्यांनी अभ्यासक्रम सकाळी पहिले घेतले आणि प्रत्येक मंडळाच्या अध्यक्षांना एकच प्रश्न ठरवून विचारायला लागले: हे शिकवायला लागणारं पुस्तक आणि साहित्य आपल्या सगळ्यात लहान कॉलेजात आहे का? नसेल तर काय करणार? बऱ्याच अध्यक्षांना उत्तर देता यायचं नाही. हळूहळू ते तयारी करून यायला लागले.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही माझ्यासाठी याच प्रश्नात आहे. आपल्याकडची विद्यापीठं मुळात परीक्षा घेण्यासाठी निघाली. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची विद्यापीठाने. ती सवय अजून सुटलेली नाही. परीक्षा आणि संलग्नतेच्या शुल्कावर विद्यापीठांचा बराच खर्च चालतो, त्यामुळे सगळी यंत्रणा आपसूक परीक्षा विभागाभोवती फिरायला लागते. ज्यांनी तिला दुसरीकडे वळवलं त्यांची नावं आपण आदराने घेतो.

कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ घ्या. 18 नोव्हेंबर 1962 ला ते सुरू झालं तेव्हा 34 महाविद्यालयं आणि 14 हजारांच्या घरात विद्यार्थी होते. कार्यक्षेत्र कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तेव्हाचा अखंड रत्नागिरी जिल्हा. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार, इतिहासाचे संशोधक. ते 1975 पर्यंत त्या पदावर होते. शहराबाहेरच्या 853 एकर माळावर त्यांनी विद्यापीठ उभं केलं. इमारती कोणीही बांधतो. मला मोठं वाटतं ते हे, की आपलं विद्यापीठ कोणत्या भूमीवर उभं आहे याचा त्यांना कधी विसर पडला नाही. महाराणी ताराबाईंच्या काळातली कागदपत्रं एकेक खंड करून विद्यापीठातर्फे छापण्याचं काम त्यांनी स्वतः संपादक म्हणून अंगावर घेतलं. ज्या भागात शाहू महाराजांनी जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था उभी केली, त्या भागातलं विद्यापीठ शेतकऱ्याच्या, गिरणी कामगाराच्या मुलांसाठी असणार हे उघड होतं. आवारात काम करून शिकायची ‘कमवा आणि शिका’ योजना तिथे रुजली ती याच मातीत.

दुसरं नाव डॉ. राम ताकवले. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाला पदवीच्या दाराशी आणायचं कसं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. बारावी न झालेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारी अभ्यासक्रम ठेवला गेला. तो केला की पदवीला प्रवेश मिळायचा. पुस्तकं अशी लिहून घेतली की घरी एकट्याने वाचणाऱ्याला मराठीतून समजावीत. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्या विद्यापीठाचं बोधवाक्य. अंगणवाडी ताई, एसटीचे वाहक, पोलीस शिपाई त्या दारातून पदवीधर झाले. खासगी विद्यापीठ अशा विद्यार्थ्यासाठी का निघेल? त्याच्याकडून फारसं शुल्क मिळत नाही, आणि जाहिरातीत दाखवण्यासारखं पॅकेजही मिळत नाही. सार्वजनिक विद्यापीठाचं काम उरलंय का विचारलंत, तर हे उरलंय, आणि ते फार मोठं आहे.

आता उलट बाजू. 2017 च्या उन्हाळी परीक्षेला मुंबई विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. कल्पनेत चूक नव्हती. पण 17 लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका, आणि शिक्षकांची तयारी, स्कॅनिंग, सराव यांना पुरेसा वेळ नाही. निकाल लागायला हवेत जास्तीत जास्त 45 दिवसांत, ते सप्टेंबरपर्यंत रखडले. कुलपतींनी दिलेली 31 जुलैची मुदतही हुकली. परदेशी आणि इतर विद्यापीठांत प्रवेश मिळालेल्या मुलांच्या हातात गुणपत्रिका नव्हती. ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. एका निर्णयाच्या घाईत अख्ख्या तुकडीचे महिने गेले. श्रीमंत घरातली मुलं वर्ष गेलं तरी सावरतात. ज्याच्या घरी त्याच्या पहिल्या पगाराची वाट बघतात त्याचं काय झालं असेल, याने मला आजही बेचैन व्हायला होतं.

आणि कुलगुरूच नसले तर? पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ मे 2022 ते जून 2023 प्रभारी कुलगुरूंवर चाललं. प्रभारी व्यक्ती कितीही कर्तबगार असली तरी रोजच्या फायली निघतात, नवं काही सुरू होत नाही. पाच वर्षांच्या मुदतीत पहिलं वर्ष समजून घेण्यात जातं आणि शेवटचं निरोपात. आप्पासाहेबांना तेरा वर्षं मिळाली होती, हे विसरून चालणार नाही. वर मंजूर पदं रिकामी. ती भरायला शासनाची परवानगी लागते, तोवर तासिका तत्त्वावरचे शिक्षक दोन-तीन कॉलेजांत धावपळ करून शिकवतात. चांगल्या कुलगुरूंनाही हे एकट्याने सोडवता येत नाही. त्यासाठी मंत्रालयात जाऊन पुन्हा पुन्हा भांडावं लागतं, आणि ते भांडणारे कोण आणि गप्प बसणारे कोण, हे आम्हा शिक्षकांना लगेच कळायचं.

तुम्ही काय करू शकता, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. मुलीला विचारा की प्रात्यक्षिक ती स्वतःच्या हाताने करते का, आणि कायम शिक्षक किती विषयांना आहेत. कायद्याने प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते. या गोष्टी तिथे लेखी मांडायला प्राचार्यांना सांगा. आणि तुम्ही स्वतः त्याच विद्यापीठाचे पदवीधर असाल तर नोंदणीकृत पदवीधर म्हणून मतदार यादीत नाव घाला. अधिसभेवर, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटवर, पदवीधरांचे 10 प्रतिनिधी निवडून जातात, कुलगुरूंना अर्थसंकल्पापासून निकालांपर्यंत समोरासमोर प्रश्न विचारायचा हक्क त्यांना असतो. नोंदणीची सूचना विद्यापीठाच्या संकेतस्थळावर येते. बहुतेक पदवीधर नाव नोंदवतच नाहीत, म्हणून थोड्या मतांवर कोणीही निवडून येतं. उमेदवार मत मागायला आला की त्याला तुमच्या मुलीच्या प्रयोगशाळेबद्दल विचारा.