दगडाचा सिंह उठतो कसा?

प्रश्न : ताई, मी परळला राहतो, सध्या एडिटिंगचा कोर्स करतोय. क्लासमध्ये सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइनच्या 'बॅटलशिप पोटेमकिन' या सिनेमामधला ओडेसाच्या पायऱ्यांचा सीन दाखवला. ते सगळं खरंच घडलं होतं का? आणि सर म्हणाले तो आधी इंजिनीअरिंग शिकत होता. मीपण दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंग सोडलंय, बाबा धड बोलत नाहीत. त्याचं ते शिक्षण फुकटच गेलं ना?

उत्तर : 1905 साली पोटेमकिन या रशियन युद्धनौकेवर खलाशांनी बंड केलं हे खरं, किडे पडलेल्या मांसावरून भडका उडाला हेही खरं, आणि ओडेसा या बंदराच्या शहरात गोळीबारात माणसं मेली हेसुद्धा. पण सैनिकांची रांग पायरी पायरी उतरतेय, आईच्या हातून बाबागाडी सुटतेय, ही रचना आयझेनस्टाइनची, आणि इतकी पक्की की लोक आता ती इतिहास म्हणूनच सांगतात. पायऱ्या 192, जीव घेऊन पळणारा माणूस बघता बघता खाली पोचेल, पण पडद्यावर त्या संपतच नाहीत कारण मध्येच बूट, मध्येच चेहरा, परत बूट असं करत तो वेळच ताणतो. मी फिल्म सोसायटीत पहिल्यांदा बघितला तेव्हा परतीच्या लोकलमध्ये कुणाशी बोलावंसंच वाटलं नव्हतं.

आता तुझ्या मनातलं. त्याचे वडील रीगातले नावाजलेले आर्किटेक्ट-इंजिनीअर, म्हणून हा पेट्रोग्राडला सिव्हिल शिकायला गेला आणि 1918 ला शिक्षण सोडून क्रांतिकारकांच्या लाल सैन्यात शिरला, वडील मात्र विरुद्ध बाजूला. त्या घरातला दुरावा केवढा असेल बघ. पण फुकट काही गेलं नाही रे. सैन्यात तरंगते पूल बांधताना बघितलेले त्याला शेवटपर्यंत आठवत होते, प्रत्येक माणूस नेमक्या वेळी नेमक्या जागी येतो आणि पूल उभा राहतो, ते त्याने लिहूनही ठेवलंय. एडिटिंग टेबलवर दुसरं काय करतो आपण?

त्यात तो जपानी शिकला. त्या लिपीत डोळा आणि पाणी शेजारी आले की अर्थ होतो रडणं. आपल्याकडे बघ ना, पोट वेगळं, पाणी वेगळं, जोडून 'पोटापाण्याचं' म्हटलं की माणसाची अख्खी धडपड डोळ्यासमोर येते, जी दोन्ही शब्दांत नव्हती. त्याच सिनेमात दगडाचे तीन सिंह आहेत, एक झोपलेला, एक जागा झालेला, एक उठलेला. तीन वेगवेगळे पुतळे, लागोपाठ जोडले की दगड खवळून उठतो! 1925 च्या डिसेंबरात सिनेमा पहिल्यांदा दाखवला तेव्हा हा 27 वर्षांचा होता.

पुढे फार सोसलं त्याने. मेक्सिकोतला सिनेमा अर्धवट राहिला, 1937 ला आणखी एक सिनेमा सरकारने मध्येच बंद पाडला, 'इव्हान द टेरिबल'चा दुसरा भाग अडवला तो 1958 ला बाहेर आला, आणि हा 1948 लाच गेला होता, पन्नासाव्या वर्षी. तरी मॉस्कोच्या फिल्म स्कूलमध्ये मुलांना शिकवत राहिला.

तू एक कर, संध्याकाळी दादरच्या पुलावर जा, जिन्यावरची पावलं, कुणाचा तरी रेलिंगवरचा हात आणि रिकामी पायरी असे तीनच शॉट मोबाईलवर घे. क्रम बदलून दोनदा जोड आणि दोन्ही जोडण्या बाबांना दाखव. आपण काही समजावायचं नाही, त्यांना काय दिसलं ते फक्त विचारायचं, आणि मग मला कळव.